अद्भुताचा जमाखर्च

रंकाळ्याच्या काठी जो पाषाणाचा नंदी बसला आहे, त्याच्याविषयी करवीरात पिढ्यान् पिढ्या अशी आख्यायिका सांगितली जाते की, तो दररोज गव्हाच्या दाण्याइतका पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याइतका मागे येतो, आणि अशा रीतीने सरकत सरकत ज्या दिवशी तो तळ्याच्या पाण्याला जाऊन भिडेल, त्या दिवशी जगाचा प्रलय होईल. कोल्हापुरात जन्मलेले बहुतेक प्रत्येक मूल ही कथा आजीच्या नाहीतर आजोबांच्या तोंडून ऐकते, मग सुट्टीच्या दिवशी तळ्यावर गेल्यावर नंदी आणि पाणी यांच्यामधले अंतर डोळ्यांनी मोजते, आणि आपल्या हयातीत तरी जग बुडत नाही अशी खात्री करून घेऊन घरी परतते. मला स्वतःला या कथेतल्या प्रलयापेक्षा तिच्यातले माप अधिक मोलाचे वाटत आले आहे. नंदी चालतो एवढेच कोणी सांगितले असते तर ती एक साधी नवलाची गोष्ट झाली असती. परंतु ज्या कोणा अनाम कथाकाराने गव्हाचा दाणा आणि तांदळाचा दाणा यांच्या लांबीतल्या त्या इवल्याशा फरकावर सबंध सृष्टीचे आयुष्य तोलून धरले, त्याने धान्य आयुष्यभर हाताळलेले असले पाहिजे, आणि अद्भुतालाही जमाखर्च ठेवावा लागतो हे मर्म त्याला पुरते उमगलेले असले पाहिजे.

भरतमुनींनी रसांच्या मालिकेत अद्भुताला स्थान दिले आणि विस्मय हा त्याचा स्थायिभाव सांगितला. पण आपल्या व्यवहारात मात्र अद्भुत म्हणजे मोकाट सुटलेली कल्पना, जिला ना हद्द ना शिरस्ता, असाच समज रूढ होऊन बसला. आयुष्याचा मोठा भाग या जातीच्या ग्रंथांच्या सहवासात घालविल्यानंतर माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. सामाजिक कादंबरी लिहिणाऱ्याला जगाचे नियम आयते मिळतात; पाऊस वरून खाली पडतो, मेलेला माणूस उठत नाही, सावकार व्याज सोडीत नाही, हे त्याला सिद्ध करून दाखवावे लागत नाही. अद्भुताचा लेखक स्वतः फर्मान काढतो, आणि म्हणूनच त्या फर्मानाची पहिली तामिली त्यालाच करावी लागते. त्याच्या राज्यात एकदा जे ठरले ते ठरले. तेथे वशिला चालत नाही, आणि माफीचा अर्ज दाखल होत नाही.

विक्रम आणि वेताळ यांचीच गोष्ट पाहावी. 1952 साली मराठीत ‘चांदोबा’ निघू लागला आणि एस. टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यापासून ते खेड्यातल्या शाळेच्या कपाटापर्यंत ते मासिक पोहोचले. त्यातल्या शंकर या चित्रकाराने काढलेले ते चित्र — हातात उपसलेली तलवार, खांद्यावर ओणवे पडलेले प्रेत, भोवती स्मशानातली झाडे आणि कवट्या — ज्याने एकदा पाहिले तो ते विसरला असेल असे मला वाटत नाही. पण त्या चित्राच्या भयाहून त्या कथेतली अट अधिक भयंकर आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल, आणि बोलला तर मौन मोडल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळेल. म्हणजे राजाचे शहाणपण हाच त्याच्या कार्यातला अडथळा. ही कोंडी फुटते कशी? शेवटच्या कथेत एक बाप एका परक्या मुलीशी आणि त्याचा मुलगा त्याच मुलीच्या आईशी विवाह करतो, आणि त्या दोन जोडप्यांची मुले एकमेकांची कोण, असे वेताळ विचारतो, तेव्हा राजाला खरोखरीच उत्तर सुचत नाही. तो निरुत्तर होऊन चालत राहतो, आणि त्या प्रामाणिक अज्ञानामुळेच त्याचे काम फत्ते होते. ज्ञानाने जे साधले नाही ते अज्ञानाने साधावे, आणि तेही मूळ अटीचे एक अक्षरसुद्धा न मोडता, ही रचना ज्याने केली त्याच्या बुद्धीपुढे मी लहानपणी आश्चर्याने आणि आता आदराने नतमस्तक होतो.

श्रावणात आमच्या भागातल्या कित्येक घरांतून ‘नवनाथ भक्तिसारा’चे पारायण होते. धुंडीसुत मालू कवीने शके 1741 मध्ये, म्हणजे इसवी सन 1819 मध्ये, पूर्ण केलेला हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ चौरंगावर ठेवून, धूप लावून, पुण्यप्राप्तीसाठी वाचावा असा रिवाज आहे, आणि त्या श्रद्धेविषयी मला पूर्ण आदर आहे. मात्र त्या श्रद्धेच्या वस्त्राखाली मराठी भाषेतली एक अव्वल दर्जाची अद्भुतकथा झाकली गेली आहे, हेही सांगितले पाहिजे. गहिनीनाथाच्या जन्माचा प्रसंग घ्या. गोरक्ष एकांतात बसून संजीवनी मंत्र पाठ करीत आहे. गावातली पोरे चिखलाची गाडी करून खेळत आहेत. गाडी झाली, पण गाडीवान काही त्यांना साधत नाही, म्हणून ती गोरक्षाजवळ येऊन हट्ट धरतात. तो मुखाने मंत्र घोळीत असतानाच हातांनी मातीचा गाडीवान घडवू लागतो, आणि घडविता घडविता ती माती हातपाय हलवून रडू लागते. पोरे भूत आले म्हणून ओरडत पळत सुटतात. येथे कोणाच्या मनात जीव निर्माण करावयाचा हेतू नव्हता. परंतु मंत्राला हेतूची गरज नसते, उच्चार पुरतो, आणि जे घडले ते परत घेता येत नाही. त्या मातीच्या बाळाला आता घर हवे, दूध हवे, नाव हवे, आणि त्याची तजवीज करणे प्राप्त होते. शक्तीचा चुकून झालेला उपयोगही खात्यावर पडतो, हे एवढ्या कोवळ्या प्रसंगातून सांगणारा कवी आम्ही वाङ्मयाच्या इतिहासात दोन ओळींत आटोपतो. चित्रपटवाल्यांना मात्र त्याचे सामर्थ्य कळले होते: 1929 साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात कंपनीने पुण्याला बिऱ्हाड हलविण्यापूर्वी, 1932 साली, येथेच ‘मायामच्छिंद्र’ निर्माण केला, आणि नाथांच्या कथेतल्या स्त्रीराज्याची हकीकत गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांच्या रूपाने पडद्यावर अवतरली.

ग्रंथाबाहेरही या गावात अद्भुत नांदते आहे. कोल्हासुराचा पुत्र कामाक्ष याने योगदंडाच्या बळावर देवदेवतांना शेळ्यामेंढ्या करून टाकले, त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड हस्तगत करून सर्वांची सुटका केली, आणि पुढे विजयाच्या सोहळ्यात तिलाच निमंत्रण देण्याचे राहून गेले म्हणून ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, अशी कथा आहे. आणि अंबाबाई तिची समजूत काढावयास अद्यापि दरवर्षी ललितापंचमीला पालखीतून त्या टेकडीवर जाते. तेथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो, त्याची फोड मिळावी म्हणून गर्दीची झुंबड उडते, आणि मारल्या गेलेल्या असुराने मरतेसमयी मागितलेले वचन असे वर्षानुवर्षे पाळले जाते. शत्रूचीसुद्धा बाकी बुडवावयाची नाही, आणि जिने वाचविले तिचा विसर पडला तर त्याची भरपाई एका वेळच्या क्षमायाचनेने होत नाही, ती दरसाल चालत जाऊन करावी लागते — इतका सूक्ष्म न्याय मी मोठमोठ्या नामांकित ग्रंथांतही क्वचितच पाहिला आहे.

आणि या सर्व कथांचा आदिपिता तर आपल्याच मुलखातला! सातवाहनांच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आजच्या पैठणात, गुणाढ्य नावाचा पंडित राजाच्या पदरी होता. सहा महिन्यांत राजाला संस्कृत शिकविण्याच्या पैजेत तो हरला आणि प्रतिज्ञेप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्ही सोडल्या. तिन्ही भाषा सोडलेल्या माणसाला उरली ती पिशाचांची भाषा. त्या पैशाचीत, अरण्यात राहून, शाई नसल्यामुळे स्वतःच्या रक्ताने, त्याने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली आणि राजाकडे पाठविली. राजाने ती भाषा ऐकून ग्रंथ अव्हेरला. तेव्हा गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटविला आणि एकेक पान मोठ्याने वाचून ते अग्नीत टाकावयास आरंभ केला. भोवती हरणे, डुकरे, रेडे चरणे विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहिली. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात शुष्क मांस येऊ लागले, राजाची प्रकृती बिघडली, चौकशी झाली, स्वयंपाक्यांनी व्याधांवर आणि व्याधांनी अरण्यातल्या त्या वाचकावर बोट दाखविले, आणि राजा धावत तेथे पोहोचला तेव्हा सहा लक्ष श्लोकांची राख झालेली होती. उरलेल्या एका लक्षातून, पुढे कित्येक शतकांनी, काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ रचला, आणि वेताळाच्या कथाही त्याच सागरात सापडतात. कथा ऐकून जनावरांनी चारा सोडावा, आणि त्या उपवासाची वार्ता राजाला थेट त्याच्या ताटातून कळावी: श्रोत्याचे हृदय आणि राजाचे पोट यांना जोडणारी ही साखळी जो विसरेल त्याने वाङ्मयाच्या सामर्थ्यावर व्याख्याने देऊ नयेत.

छापखाना आला तेव्हा मराठीतल्या अगदी पहिल्या मुद्रित गद्य पुस्तकांत ‘सिंहासनबत्तीशी’ होती; वैजनाथशास्त्र्यांकडून ती सिद्ध करवून 1814 साली श्रीरामपूरच्या मिशनाने मोडी लिपीत छापली. पुढे हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 साली आली, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टींनी तर दोनतीन पिढ्यांना झोपू दिले नाही, आणि सबंध शतकाचे अंतर ओलांडून गौरी देशपांडे यांनी त्याच गोष्टींचे बर्टनवरून सोळा खंडांत भाषांतर करण्याचे धैर्य दाखविले. मध्यंतरी हरिभाऊ आपट्यांनी वास्तवाचा झेंडा रोवला होता, आणि तो रोवणे अवश्यच होते. परंतु त्या झेंड्याखाली जमलेल्या टीकाकारांनी पूर्वीच्या कादंबऱ्यांची जी संभावना केली तिच्यात त्या कादंबऱ्यांतल्या कृत्रिमतेबरोबर अद्भुताचीही हकालपट्टी झाली. त्या वातावरणात 1913 साली नाथमाधवांचा ‘वीरधवल’ प्रसिद्ध झाला. नाथमाधव म्हणजेच द्वारकानाथ पितळे शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले, कमरेखालचे शरीर लुळे पडले, आणि त्या पडलेल्या देहाने अंथरुणावरून मराठी वाचकांसाठी राजवाडे, भुयारे, गूढ शक्ती आणि पराक्रम यांचा एवढा मोठा मुलूख उभा केला. ‘वीरधवला’ची भाषा जागोजाग पल्लेदार आहे, योगायोगांची रेलचेल आहे, हे मी नाकारीत नाही, परंतु वाचकाला रात्र विसरावयास लावणारा आवेग त्यात आहे, आणि तो आवेग कोठून आला याचा विचार केला म्हणजे पुस्तक हातात धरताना माझा हात जड होतो.

कोल्हापुरापुरते बोलावयाचे तर आमच्या गावाने मराठीला दिलेली सर्वांत प्रसिद्ध अद्भुतकथा कोणीही त्या नावाने ओळखीत नाही. वि. स. खांडेकर शिरोड्याहून 1938 साली येथे आले आणि 1959 साली त्यांची ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. साहित्य अकादमीने आणि पुढे ज्ञानपीठाने तिचा गौरव केला. कामवासना आणि संयम यांचे भाष्य म्हणून तिच्यावर लिहिले गेलेले लेख कपाटभर होतील. पण त्या भाष्याला आधार कशाचा आहे? बाप आपले वार्धक्य मुलाच्या अंगावर चढवून त्याचे तारुण्य स्वतःकडे घेतो, या एका अद्भुत व्यवहाराचा. तारुण्य आकाशातून पडत नाही. ते कोणाचे तरी काढून घ्यावे लागते, आणि ज्याचे काढावयाचे तो समोर उभा असतो, आपल्याच रक्ताचा असतो. कचाच्या आख्यानात हाच हिशेब अधिक कठोर आहे. दानवांनी त्याला जाळून त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांच्याच पोटात घातली. आता शिष्याला जिवंत करावे तर गुरूचे पोट फाटणार. म्हणून गुरूने पोटातल्या शिष्याला विद्या द्यावी, शिष्याने गुरूचा देह विदारून बाहेर यावे, आणि मग त्याच विद्येने गुरूला उठवावे. मृत्यूच्या दारातून गेल्यावाचून मृतसंजीवनी कोणाला मिळत नाही. आणि मिळाल्यावरही देवयानीच्या शापामुळे ती कचाच्या स्वतःच्या उपयोगी पडत नाही, तो ज्याला शिकवील त्याच्या उपयोगी पडते. ‘ययाति’ वाचताना तिच्यातले निवेदन मला काही ठिकाणी आवश्यकतेपेक्षा अधिक बोलके वाटते. तथापि त्या निवेदनाच्या खाली हा जुना, निर्दय, चोख हिशेब सतत चालू असतो, आणि कादंबरी तरली आहे ती त्यामुळेच असे माझे मत आहे.

करवीरच्या हद्दीला लागूनच, दूधगंगेपलीकडे, एकसंबा हे गाव आहे. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म तेथला, 1923 सालचा. त्यांच्या ‘रमलखुणा’ या 1975 सालच्या पुस्तकात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत, आणि माझ्या दृष्टीने मराठीतले अद्भुत त्या दोन कथांत जितक्या उंचीवर गेले तितके पूर्वी वा नंतर गेलेले नाही. त्या कथांतला प्रदेश कोणत्याही नकाशात नाही, काळ कोणत्याही पंचांगात नाही, आणि तरीही तेथले ऊन अंगाला चटके देते. नवनाथांच्या जगात मंत्र चुकला तर गुरू निस्तरतो, जी. ए. यांच्या जगात खाते मांडणारा कोणी दिसत नाही, बाकी मात्र शेवटच्या पैपर्यंत वसूल होते. हे वाचून मन सुखावत नाही, आणि त्यासाठी ही पुस्तके कोणी हाती घेऊही नयेत. ज्यांना जी. ए. यांच्या हाताचा मऊपणा पाहावयाचा असेल त्यांनी ‘बखर बिम्मची’ वाचावी. तिच्यातला लहानगा बिम्म प्राणिमात्रांशी ज्या सहजतेने बोलतो तिला तोड नाही.

परभाषेतले मोठे अद्भुतकार वाचताना हीच कसोटी मी हाती ठेवली आहे. टॉल्किन यांची अंगठीची महाकथा 1954 आणि 1955 या वर्षांत प्रसिद्ध झाली. मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने ती मराठीत आणली आहे. तिच्यातल्या युद्धांहून शेवटची प्रकरणे मला अधिक थोर वाटतात: ज्याने आपली भूमी वाचविली त्या फ्रोडोलाच त्या भूमीत सुखाने राहता येत नाही, जखम भरते, पण दरवर्षी ठराविक तिथीला ठणकते. अर्सुला ल गिन यांच्या 1968 सालच्या ‘अर्थसी’च्या पहिल्या पुस्तकात गेड हा तरुण मांत्रिक केवळ ईर्ष्येपोटी मृतात्म्याला हाक मारतो, त्यामुळे पडलेल्या फटीतून एक काळी सावली जगात येते, आणि ती फट बुजविताना वृद्ध महागुरूला प्राणास मुकावे लागते. गोरक्षाच्या मातीच्या गाडीवानाशेजारी ही सावली ठेवून पाहावी. एक चूक निरागस, दुसरी गर्वाची, आणि दोन्ही ठिकाणी नियम तोच. हॅरी पॉटरच्या मराठी अवतारांनी आमच्या घरातल्या मुलांना जाड पुस्तकाची भीती उरू दिली नाही, हा त्यांचा उपकार मी मानतो. आईच्या मरणाने मुलाला मिळालेले कवच ही त्या मालिकेची पहिली आणि सर्वांत शुद्ध कल्पना आहे, आणि शेवटच्या भागात छड्यांच्या मालकीवरून जो कायद्याचा कीस काढला जातो त्याच्यापेक्षा ती कितीतरी सरस आहे. नारायण धारपांचे ‘समर्थ’ मला प्रिय आहेत, परंतु समर्थांचे सामर्थ्य संकटाबरोबर वाढत जाते तेथे माझा विस्मय उणावतो. जयंत नारळीकरांचा जन्म आमच्या कोल्हापुरातला, 1938 सालचा. त्यांच्या ‘यक्षांची देणगी’तल्या कथा विज्ञानाच्या वंशातल्या असल्या तरी त्यांचे गोत्र मला परके वाटत नाही, कारण तेथे निसर्गाचे नियम मोडून नायकाची सुटका करण्याची सवलत लेखक स्वतःला देत नाही.

माझी तक्रार आहे ती वाचनालयांतल्या आणि आपल्या मनांतल्या कपाटांविषयी. ‘नवनाथ’ धार्मिक विभागात, ‘ययाति’ पौराणिकात, ‘वीरधवल’ जुन्या कादंबऱ्यांत, ‘चांदोबा’चे बांधीव अंक बालविभागात, जी. ए. कथासंग्रहांत आणि धारप भयकथांत. ही सर्व एका कुळातली भावंडे आहेत असे सांगणारी एकही पाटी कोठे नाही, आणि म्हणून इंग्रजीतून अद्भुताची गोडी लागलेला कॉलेजातला विद्यार्थी मराठीत असे काही नाहीच अशी समजूत घेऊन परत जातो. करवीर नगर वाचन मंदिरासारखी 1850 पासून चालत आलेली संस्था ज्या गावात आहे, त्या गावात तरी असे होऊ नये. ग्रंथपालांना माझी विनंती आहे की त्यांनी एक फळी मोकळी करावी आणि या पुस्तकांना एकत्र बसवावे. प्रकाशकांना विनंती आहे ती ‘नवनाथ भक्तिसारा’ची एखादी सटीप, वाङ्मयीन आवृत्ती काढण्याची. आणि वाचकांनो, आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर ‘वीरधवला’ची जुनी प्रत किंवा ‘चांदोबा’चे अंक पडून असतील, तर ते रद्दीत घालू नका, आपल्या गावच्या वाचनालयात नेऊन द्या, आणि देण्यापूर्वी घरातल्या एखाद्या मुलाला त्यातले एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा.